करंगळीला अंगठा लागतो तोवरच

प्रश्न : मी २८ वर्षांची, नाशिकला गंगापूर रोडला राहते. गेली दोन वर्षं सुट्टी मिळेल तशी कर्नाटकातल्या मुल्कीला आणि महाबलीपुरमला जाऊन सर्फिंग शिकले. सात फूट दोन इंचांचा बोर्ड वापरते, छातीएवढ्या लाटेवर उभी राहते, वळणंही जमतात. सप्टेंबरात कंपनीच्या कामासाठी वर्षभर अ‍ॅबरडीनला जातेय. तिथल्या ऑफिसातले दोघं नोव्हेंबरात स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, थर्सो ईस्टला सर्फिंग करायला जाणार आहेत आणि मला चल म्हणतायत. आई म्हणते, "निफाडला पारा उतरला की तू दोन-दोन गोधड्या घेतेस, तू काय तिथल्या समुद्रात उतरणार!" वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख, कुठला घेऊ? इथे राहून काय तयारी करू? आणि मुळात जावं का?
एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर जा. पण या पहिल्या फेरीत थर्सो ईस्टच्या लाटेवर उतरू नका. ती काठावरून नीट बघा आणि सर्फिंग डनेट बेला करा. थर्सोहून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर हा लांबलचक वाळूचा किनारा आहे. तुम्ही लिहिलेल्या अनुभवावरून तुमचं कौशल्य वाईट दिसत नाही. अडचण वेगळी आहे. तुमचा सगळा अनुभव २७-२८ अंशांच्या पाण्यातला आणि वाळूवर फुटणाऱ्या लाटांचा आहे. थंडी आणि खडक या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी पहिल्यांदा अंगावर घेणं शहाणपणाचं नाही. आधी थंडी शिका, ती अंगवळणी पडली की खडकाकडे वळा.

थर्सो ईस्टची जागा समजून घ्या. थर्सो नदी समुद्राला मिळते तिच्या पूर्वेला, पडक्या थर्सो कासलच्या खाली, सपाट दगडाच्या थरांवर ही लाट फुटते. हा केथनेस या भागातला फ्लॅगस्टोन. हाच दगड एकेकाळी खाणींतून काढून दूरच्या शहरांत रस्त्यांना फरशी म्हणून बसवला जायचा. पायऱ्यांसारखे थर, कडा धारदार, वर शेवाळ आणि केल्प (लांब पट्ट्यांचं समुद्री शेवाळ). लाट उजवीकडे, म्हणजे नदीच्या मुखाकडे पळते. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला ती समोर मिळते. उत्तर-वायव्येकडून स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून निघालेल्या लाटांची रांग, आला आणि वारा दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा असला, शाळेच्या भूगोलातल्या मतलई वाऱ्यासारखा जमिनीवरून समुद्राकडे, तर ती लांब, पोकळ आणि फार वेगवान होते. २००६ पासून काही वर्षं तिथे ओ'नील या सर्फिंगच्या कंपनीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली ती याच लाटेसाठी. पाणी मात्र नदीच्या दलदलीच्या मातीने तपकिरी असतं. तळ दिसत नाही, आणि थंडीच्या दिवसांत पावसानंतर नदीचा ओघ समुद्राहून गार असतो.

खडकावरची लाट वाळूवरच्या लाटेपेक्षा वेगळी का वागते, ते आकड्यांत बघा. लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोलीत फुटते. म्हणजे दीड मीटरची लाट १.९ मीटर पाण्यात. मुल्कीला तळ हळूहळू चढत येतो, म्हणून लाट आधी शिखरावरून फेसाळते आणि तुम्हाला उभं राहायला वेळ मिळतो. खडकावर खोली काही मीटरांत एकदम कमी होते. लाट थबकते, उभी होते आणि या हिशोबाहून कमी पाण्यात कोसळते. टेक-ऑफला, म्हणजे लाट पकडून उभं राहायला, तुम्हाला मिळतो जेमतेम सेकंद-दीड सेकंद. तेवढ्यात सरळ खाली जाऊन मग वळायचं म्हटलं तर लाट पुढे निघून जाते आणि तुम्ही तिच्या आतल्या बाजूला, गुडघाभर पाण्यात सापडता. उभं राहतानाच बोर्ड तिरका उजवीकडे गेला पाहिजे. डोक्याएवढ्या लाटेवर दहापैकी आठ वेळा असा तिरका टेक-ऑफ जमेपर्यंत थर्सो ईस्टचं नाव काढू नका.

दुसरी गोष्ट पिरियडची, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या दोन लाटांमधल्या सेकंदांची. अंदाजात 'दीड मीटर' दोन दिवशी लिहिलेलं असेल आणि दोन्ही दिवशी समुद्र वेगळा असेल. लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर पिरियडचा वर्ग गुणिले १.५६. आठ सेकंदांची लाट सुमारे १०० मीटर लांब, चौदा सेकंदांची ३०० मीटरच्या वर. लाटेला तळ जाणवतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपासून. पहिलीला ५० मीटरवर, दुसरीला दीडशे मीटरवर. म्हणून लांब पिरियडचा स्वेल दुरूनच वळू लागतो, खडकावर येईतो उंची वाढवतो, आणि त्याच उंचीला खोल समुद्रातच त्याची ताकद पावणेदोन पट असते. शिवाय मोठ्या लाटांचे सेट दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने येतात. काठावर पाच मिनिटं उभं राहून "शांत आहे" म्हणणारा माणूस दोन सेटच्या मधल्या शांततेत पाण्यात उतरतो आणि फसतो. अर्धा तास बघायचंच, घड्याळ लावून. खडकावरच्या पहिल्या दिवसासाठी आमची मर्यादा एक मीटर आणि दहा सेकंद. त्यापुढचा अंदाज असेल तर कॅमेरा घेऊन काठावर बसा.

भरतीचं गणितही सोडू नका. स्क्रॅबस्टर बंदरात, म्हणजे थर्सोच्या शेजारीच, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीत सुमारे चार मीटरचा फरक पडतो, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत त्याच्या निम्म्याहूनही कमी. ओहोटीला खडकावर पाणी इतकं कमी होतं की केल्प वर दिसायला लागतो. पहिल्यांदा उतरायचं ते भांगाच्या दिवसांत, अर्ध्या भरतीनंतर चढत्या पाण्यात, म्हणजे वेळ जाईल तसं पायाखाली पाणी वाढत राहतं. पुराच्या वेळी दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं हे बघून नाशिककर गोदेचा अंदाज बांधतात, तसा तिथला एक ठळक खडक धरा. पोचल्याबरोबर त्याचा फोटो काढा, अर्ध्या तासाने पुन्हा काढा. तक्ता आणि तो खडक यांचा मेळ बसला की पाणी कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चाललंय हे डोळ्यांना कळतं.

आता आईच्या मुद्द्याकडे. त्या चुकीचं बोलत नाहीत, फक्त निफाडची थंडी ही हवेची थंडी आहे. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने काढून घेतं. थर्सोचं समुद्राचं पाणी ऑगस्ट-सप्टेंबरात १३ अंशांच्या आसपास, नोव्हेंबरात १० ते ११, फेब्रुवारी-मार्चला ७ च्या घरात. अशा पाण्यात माणूस गारठून बेशुद्ध व्हायला तास लागू शकतो. धोका त्याच्या फार आधी सुरू होतो.

पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत श्वासाचा झटका बसतो. गार पाणी मानेवर-चेहऱ्यावर आलं की न ठरवता मोठा श्वास आत ओढला जातो आणि मग धाप लागते. त्या क्षणी डोकं पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात. छातीचे ठोके आणि रक्तदाबही उसळतात. त्यानंतरची दहा-वीस मिनिटं हातापायांची. दंडाचे स्नायू आणि बोटं गार पडतात, पॅडलचा, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हात मारण्याचा, जोर जातो, पोहणं विस्कटतं. वेटसूटमुळे हा काळ लांबतो, टळत नाही. कॅनडाचे संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांचा एक-दहा-एक हा हिशोब पाठ करून ठेवा : एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं उपयोगाच्या हालचालीची, एक तास शुद्ध हरपेपर्यंत. हा हिशोब साध्या कपड्यांत पडलेल्या माणसाचा आहे, पण क्रम तोच राहतो.

म्हणून पाण्यात दर दहा मिनिटांनी एकच परीक्षा. ग्लोव्हमधल्या अंगठ्याने त्याच हाताच्या करंगळीचं टोक शिवायचं. लागलं नाही की त्याच मिनिटाला बाहेर निघायचं, "ही शेवटची लाट घेते" नाही. कारण बोटं गेली की लीश, म्हणजे बोर्ड घोट्याला बांधणारी दोरी, सुटत नाही, बोर्डची कड धरता येत नाही, खडकावर पकड बसत नाही, आणि बाहेर आल्यावर गाडीची किल्ली फिरवता येत नाही.

नाशिकमध्ये करण्यासारखं पुष्कळ आहे. पण आधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि ईसीजी बघून घ्या. दमा, छातीत धडधड, घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास, यातलं काही असेल तर पुढचा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

पोर्ट्समथ विद्यापीठाच्या माइक टिप्टन यांच्या गटाने दाखवलंय की गार पाण्यात तीन-तीन मिनिटं पाच-सहा वेळा बुडून बसलं तरी श्वासाचा झटका निम्म्यावर येतो, आणि त्याचा परिणाम काही महिने टिकतो. यासाठी समुद्र लागत नाही. दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप आणि रसवंतीवाल्यांना बर्फ पुरवणाऱ्याकडून लादी आणा. पावसाळ्यात टाकीचं दोनशे लिटर पाणी २५ अंशांचं धरलं तर ते १२ वर आणायला सुमारे २८ किलो बर्फ लागतो, पिंप तापलेल्या गच्चीवर असेल तर ३२. बर्फ फोडून टाका, ढवळा, थर्मामीटरने मोजा, अंदाजाने नको. पहिल्या दिवशी १८ अंश, मग दर खेपेला दोन अंश खाली. बसताना हळूहळू, मानेपर्यंत. उडी नाही. श्वास बाहेर सोडण्यावर लक्ष ठेवा, आत घेणं आपोआप होतं. तीन मिनिटं झाली की बाहेर. शेजारी दुसरं माणूस हवंच, आणि ते माणूस मोबाइलमध्ये डोकं घातलेलं नको. ही सवय निघण्याआधीच्या दोन आठवड्यांत लावा.

गंगापूर धरणात सराव करायचा विचार मनात असेल तर काढून टाका. तिथलं पाणी या कामाला पुरेसं गार नाही, तळाचा भरवसा नाही आणि वाचवायला कुणी नाही. पोहण्यासाठी त्र्यंबक रोडचा सावरकर जलतरण तलाव बरा. लाटेखाली दबून राहण्याचा वेळ बहुधा पाच ते पंधरा सेकंदांचाच असतो, पण तो धाप लागलेली असताना येतो. म्हणून सराव असा करा : ५० मीटर जोरात पोहा, दोनच श्वास घ्या, आणि कठड्याला धरून दहा सेकंद डोकं पाण्याखाली. प्रशिक्षक काठावर उभे असतील तरच. आधी भराभर दहा-वीस श्वास घेऊन दम साठवायचा प्रकार कधीही करू नका. त्याने शरीराला श्वासाची गरज कळायच्या आत शुद्ध जाते. दमासाठी पांडवलेण्याच्या पायऱ्या आहेतच. खांद्यांसाठी रबरी पट्ट्याने पॅडलची हालचाल, कारण पाच मिलिमीटरचं रबर अंगावर चढवलं की प्रत्येक हात मारताना ते ताणावं लागतं.

वेटसूट इथून घेऊन जाऊ नका, अ‍ॅबरडीनला अंगावर घालून बघून घ्या. नोव्हेंबरसाठी ५/४, टोपी जोडलेला. पहिला आकडा धडाचा, दुसरा हातापायांचा, मिलिमीटरमध्ये. जानेवारीनंतर जायचं ठरलं तर ६/५. शिवण गोंद लावून एका बाजूनेच टाचलेली आणि आतून पट्टी मारलेली असावी. आरपार सपाट शिवण असलेले स्वस्त सूट उन्हाळ्याचे असतात, शिवणीच्या प्रत्येक छिद्रातून पाणी आत येतं. सोबत ५ मिमीचे बूट आणि ३ मिमीचे ग्लोव्ह. सगळं मिळून तीन-चारशे पौंडांची तयारी ठेवा. काटकसर करायची असेल तर बोर्डवर करा, सूटवर नको.

माप असं तपासा. दोन्ही हात वर करा, खाली वाका, बसा. कमरेच्या खोलगट भागात, काखेत आणि जांघेत चिमूटभर रबरही सुटं राहता कामा नये. तिथे हवा राहिली की लाटेत तिथे गार पाणी भरतं आणि प्रत्येक गोत्याला ते नव्याने बदलतं. मान इतकी घट्ट की गिळताना जाणवावी, पण चक्कर येऊ नये. चढवताना पायात प्लास्टिकची पिशवी घाला, सरकन जातो. बोटांच्या पेरांनी ओढा. नखं लागली की रबर चंद्रकोरीसारखं फाटतं. बुटांच्या वर सूटचा पाय यायला हवा, उलट केलंत तर बूट पाण्याने भरून जड होतात. कानात सर्फिंगचे प्लग घाला. गार पाणी आणि वारा वर्षानुवर्षं कानात जात राहिला की कानाच्या नळीत हाड वाढतं आणि पुढे ते शस्त्रक्रियेने काढावं लागतं.

बोर्ड तुमच्या नेहमीच्यापेक्षा दोन-तीन लिटर जास्त फुगीर असू द्या, अंगावरच्या रबराचं वजन भरून निघतं. पण सात-दोनचा बोर्ड लाटेखाली बुडवता येत नाही, आणि खडकावर बोर्ड धरून कासवासारखं उलटं होणं म्हणजे डोकं खाली, खडकाच्या दिशेने. म्हणून फुटणाऱ्या लाटेतून बाहेर जायचंच नाही. नदीच्या बाजूच्या खोल पट्ट्याने वळसा घालायचा. लांब पडला तरी चालेल.

लीशबद्दल जरा विस्ताराने, कारण याकडे कोणी बघत नाही. लांबी बोर्डाएवढी, जाडी ७ मिमी. घोट्याच्या पट्ट्यावर वेल्क्रो असतं आणि त्याला ओढायची एक छोटी कापडी जीभ. ती जीभ बाहेरच्या बाजूला, हाताला येईल अशी ठेवा. बऱ्याच जणांची ती आत वळते आणि बूट व सूटच्या मध्ये अडकते. घरी ग्लोव्ह घाला, हात तीन मिनिटं बर्फाच्या बादलीत धरा, डोळे मिटा आणि मग जीभ शोधून पट्टा सोडवा. पहिल्या प्रयत्नात जमत नाही. पाण्यात हे आणखी कठीण होतं. लीश खडकात किंवा केल्पमध्ये अडकली की लाट तुम्हाला एका बाजूला ओढते आणि पाय दुसऱ्या बाजूला ताणला जातो. घोट्यापर्यंत वाकून हात पोचत नाही. गुडघ्यापाशी लीश धरायची आणि तिलाच धरत धरत घोट्यापर्यंत यायचं. एरवी लीश सोडायची नाही. बोर्ड हाच तुमचा तराफा आहे.

पडायचं ते आडवं, हातपाय पसरून, पाठीवर किंवा कुशीवर. सूर मारायचा नाही आणि पायांवर उडीही नाही, पाय थरांच्या फटीत अडकतो. वर येताना दोन्ही हातांनी डोकं झाकून या. हेल्मेट घाला. थर्सोला ते घालणाऱ्याकडे बघून कोणी हसत नाही, आणि हसलं तर हसू द्या.

उतरायच्या आधी बाहेर कुठून यायचं ते ठरवा. दोन जागा ठरवा, कारण भरती चढली की पहिली नाहीशी होते. नोव्हेंबरच्या मध्याला तिथे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून दोनला पाण्याबाहेर. काठावर एक माणूस फोन घेऊन थांबलेलं असावं. मदत लागली तर ९९९ फिरवून "कोस्टगार्ड" मागायचं, पोलीस किंवा अँब्युलन्स नव्हे. त्या बचावाचे पैसे लागत नाहीत, त्यामुळे संकोचून उशीर करू नका.

बाहेर आल्यावरही शरीर आतून अर्धा तास आणखी गार होत राहतं. म्हणून आधी धड कोरडं करा, लोकरीची टोपी घाला, मग खालचा सूट काढा. कोमट पाण्याचा पाच लिटरचा कॅन गाडीत ठेवा, सूट काढायच्या आधी बूट-ग्लोव्हमध्ये ओतायला. कुडकुडणं थांबेपर्यंत कडकडीत गरम शॉवर नको आणि गाडी चालवणंही नको. गोड चहा चालेल, दारू नको. सोबतचा माणूस बोलताना अडखळायला लागला, झोकांड्या खायला लागला किंवा कुडकुडणं थांबूनही गारच असला, तर त्याला चालवू नका, चोळू नका. आडवं करून गुंडाळा आणि ९९९.

क्रम आमच्या मते असा : सप्टेंबर-ऑक्टोबरात अ‍ॅबरडीनहून तास-दीड तासावरच्या फ्रेझरबर्गच्या वाळूच्या किनाऱ्यावर नव्या सूटमध्ये निदान आठ-दहा वेळा. नोव्हेंबरात डनेट बे, आणि थर्सो ईस्टवर अर्धा दिवस नुसतं निरीक्षण : कोण कुठून आत जातं, कुठे पडतं, कुठून बाहेर येतं. लाट जिथे फुटायला लागते त्या टोकाजवळच्या माणसाचा लाटेवर पहिला हक्क असतो, हे मुल्कीतही शिकला असाल. तिथे ते जास्त काटेकोरपणे पाळतात. खडकावर उतरायचं ते पुढच्या एप्रिल-मेमध्ये, लहान स्वेलला, तिथल्या एखाद्या प्रशिक्षकाला सोबत घेऊन. त्या वेळी पाणी ८-९ अंशांचंच असेल, पण दिवस मोठा असतो आणि तोवर तुम्हाला थंडीची सवय झालेली असेल. ऑफिसातले दोघं "एवढं काय, चल" म्हणाले तर त्यांना विचारा की गेल्या वेळी लीश कधी सोडून बघितली होती.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर नाशिकहून घेऊनच निघा. खडकाच्या जखमेत शेवाळ आणि दगडाचा भुगा राहतो. ती स्वच्छ गोड्या पाण्याने, मऊ ब्रशने घासून धुवावी लागते, नुसतं मलम लावून भागत नाही. विमा काढताना सर्फिंगचा उल्लेख पॉलिसीत शब्दाने आहे का ते वाचा, "साहसी खेळ वगळून" अशी ओळ बहुतेकांत असते. आणि आईला पाण्यात उतरायची वेळ कळवू नका, बाहेर यायची कळवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे असतो. तुमचे दुपारचे दोन म्हणजे नाशिकचे संध्याकाळचे साडेसात. तिकडच्या किनाऱ्यावर रेंज जाते-येते, तेव्हा मेसेजची वेळ त्यांना साडेआठची सांगा.